राजपुत्र विहिरीत कुणामुळे पडला

एका जंगलात वीज होती. ती कुठून आली हे विचारू नका, मुलांनो. ज्यांनी विचारलं, त्यांच्या झाडावरची गेली.

वीज होती म्हणून गेमही होता. माणसांनी टाकून दिलेलं एक जुनं यंत्र होतं. त्यात सीडी घातली की पडद्यावर एक राजपुत्र यायचा. त्याला किल्ल्याचे दरवाजे ओलांडत आत न्यायचं. दर दरवाज्यापाशी पडदा काळा व्हायचा, सीडी गरगर फिरायची आणि मग पुढचं दालन दिसायचं. एक दिवस ते यंत्र बिघडलं. तेव्हा धनेश नावाच्या मोठ्या चोचीच्या पक्ष्याने त्याची नक्कल करणारं दुसरं यंत्र बनवलं. तुमचे दादा-ताई त्याला एम्युलेटर म्हणतात. जंगलात त्याला धनेशरावांचं यंत्र म्हणत, आणि धनेशराव जवळपास असले तर जरा मोठ्याने म्हणत.

राजा होता एक गवा. गवा महाराज काहीही ऐकलं की आधी रवंथ करत आणि मग निर्णय देत. त्यांनी जाहीर केलं, की जो कुणी राजपुत्राला एकही जखम होऊ न देता शेवटच्या दरवाज्यापलीकडे नेईल, त्याला ऐनाच्या झाडावरची उंच ढोली मिळेल.

चिवटाबाई नावाच्या घोरपडीला ती ढोली हवी होती. तिला गेमचं वेड नव्हतं. गेल्या वर्षी तिने जमिनीत अंडी घातली होती आणि रानडुकरांनी ती उकरून खाल्ली होती. यंदा पुन्हा वेळ जवळ आली होती. म्हणून ती रोज धनेशरावांच्या यंत्रासमोर बसू लागली. घोरपड एकदा चिकटली की सुटत नाही, हे तुम्ही ऐकलं असेलच. तिने रिमोट तसा धरला. आणि एके दिवशी राजपुत्र अंगावर ओरखडा न येता पलीकडे पोचला.

हे पाहायला फक्त कोतवाल हजर होता. कोतवाल म्हणजे दुभंगलेल्या शेपटीचा काळा पक्षी. तो कुणाचीही हुबेहूब नक्कल करायचा, म्हणून नोंदीचं सरकारी काम त्याच्याकडे होतं. कुठलं बटण कितव्या ठोक्याला दाबलं ते तो ध्यानात ठेवी, आणि दरबारात त्याच ठोक्यांना तीच बटणं चोचीने दाबून दाखवी. चित्राची नोंद होत नसे. चित्राला फार जागा लागते, आणि त्या जंगलात जागा फक्त मोठ्या जनावरांना मिळे.

दरबार भरला. चिवटाबाई मागे हात जोडून बसली. कोतवालाने बटणं दाबायला सुरुवात केली.

पहिला दरवाजा ठीक गेला. दुसऱ्या दरवाज्यापाशी सीडी जराशी जास्त फिरली. फार नाही, तुम्हाला शिंक यायला लागते तेवढीच. पण कोतवालाचे ठोके चालूच होते. पडदा काळा असतानाच त्याने उडीचं बटण दाबलं, आणि ती उडी वाया गेली. पडदा उजळला तेव्हा राजपुत्र एक उडी मागे होता. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

तो भिंतीला डोकं लावून चालत राहिला. मग रिकाम्या जागेत त्याने तलवार फिरवली. शत्रू आला तेव्हा त्याला मुजरा केला. व्यापारी भेटला, त्याला तलवार विकून टाकली. शेवटी त्याने विहिरीत उडी घेतली. कोतवाल मात्र थांबला नाही. पडद्यावर 'खेळ संपला' असं आल्यावरही त्याने उरलेली सगळी बटणं नीट दाबली आणि मान लववली.

"नोंदीत एका बटणाचा फरक नाही, महाराज," तो म्हणाला.

"राजपुत्र विहिरीत पडला," महाराज म्हणाले.

"ते माझ्या खात्यात येत नाही. मी बटणं बघतो."

"मग पडला कुणामुळे?"

सगळा दरबार चिवटाबाईकडे वळला.

"महाराज, मी उडी मारली तेव्हा तिथे विहीर नव्हती," ती म्हणाली. "मी तोवर पुढच्या दालनात होते."

"म्हणजे विहिरीचीही जबाबदारी ही घेत नाही," धनेशराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा नोंद चालवली. त्या दिवशी सीडी कमी फिरली. दालन लवकर उघडलं, पण बटणं ठरल्या ठोक्यालाच आली; राजपुत्र उशिरा निघाला आणि पूल पुन्हा वर गेल्यावर खंदकात गेला. मग असंच होत राहिलं. राजपुत्र रोज मरे, आणि रोज वेगळ्या कारणाने मरे. चिवटाबाई खोटारडी आहे, असं आता पिल्लंसुद्धा म्हणू लागली.

ती धनेशरावांकडे गेली. "धनेशराव, तुमचं यंत्र दरवाज्यापाशी अडखळतं."

"मूळ यंत्रही अडखळायचं," धनेशराव म्हणाले. "अडखळणंसुद्धा मी हुबेहूब उतरवलं आहे."

"पण ते रोज वेगळं अडखळतं."

"मूळही रोज वेगळं अडखळायचं. बाई, तुम्हाला कलाकुसर कळत नाही."

मग चिवटाबाई यंत्रासमोर नुसती बसून राहिली. तिच्या लक्षात आलं, की यंत्राला बटण हवं असतं तेव्हा रिमोटवरचा लाल दिवा लुकलुकतो. सीडी फिरत असते तेव्हा यंत्र काही विचारतच नाही, आणि दिवा विझलेला असतो. ती कोतवालाला जाऊन भेटली.

"कोतवालसाहेब, ठोके मोजू नका. दिवा मोजा. तो लुकलुकला की एक बटण. विझला की तुम्हीही थांबा, मग सीडी कितीही फिरो."

कोतवालाला हे पटेना. "मी चोच हलवली नाही तर लोक म्हणतील, काम करत नाही."

"न दाबण्याचीही नोंद करा ना. तेही कामच आहे."

हे मात्र कोतवालाला एकदम पटलं. चिवटाबाईने पुन्हा एकदा खेळून दाखवलं, आणि त्याने दिवे मोजून नोंद केली.

पुन्हा दरबार भरला. चिवटाबाई मागे हात जोडून बसली. दुसऱ्या दरवाज्यापाशी सीडी बराच वेळ फिरली. कोतवाल थांबला. दिवा लुकलुकला, कोतवालाने उडी दाबली, राजपुत्राने बरोबर जागेवर उडी घेतली. भिंत आली नाही, व्यापारी आला नाही, विहीर तर दिसलीही नाही. राजपुत्र ओरखडा न येता पलीकडे गेला. महाराजांनी पुन्हा चालवायला सांगितलं. पुन्हा तसंच झालं.

चिवटाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला ढोली दिसू लागली होती.

महाराजांनी रवंथ केला. बराच वेळ केला.

"रिमोट कुणाकडे होता?" त्यांनी विचारलं.

"कोतवालाकडे," दरबार म्हणाला.

"घोरपडीने एक तरी बटण दाबलं?"

"नाही, महाराज. ती मागे बसली होती."

"तरी राजपुत्र जिंकला."

"आमच्या डोळ्यांदेखत जिंकला."

"मग ढोली कोतवालाची," महाराज म्हणाले.

"पण महाराज, ती बटणं माझी आहेत," चिवटाबाई म्हणाली. "राजपुत्र पडत होता, तेव्हा तुम्ही सगळे माझ्याकडेच बघत होता."

"तेव्हा तो पडत होता," महाराज म्हणाले. "आता पडत नाही." आणि त्यांनी दरबार उठवला.

कोतवाल ढोलीत राहत नाही, मुलांनो. तो उघड्या फांदीवर घरटं बांधतो. पण मिळालेला सन्मान परत करायची त्या दरबारात पद्धत नव्हती, म्हणून ढोली त्याच्या नावाने रिकामी राहिली. चिवटाबाईची वेळ भरली होती. तिने ऐनाच्या बुंध्याशी माती उकरली आणि तिथेच अंडी घातली. रानडुकरांना शोधायला फार वेळ लागला नाही.

मला तिचं फार वाईट वाटतं. तिने राजपुत्राला साधा ओरखडाही येऊ दिला नव्हता.

तात्पर्य: मुलांनो, खेळ नीट खेळायला शिकण्यात बालपण वाया घालवू नका. दुसऱ्याने जिंकलेला खेळ चारचौघांत बिनचूक दाबून दाखवायला शिका. आणि राजपुत्र विहिरीत पडलाच, तर मागे हात जोडून कोण बसलं आहे, ते आधीच बघून ठेवा.