पुढे पटाचे, मागे वखराचे

आमचे वाशीमचे शेजारी बळवंतराव वकील मोटारीच्या टायरचे दात बघायचे. नक्षीच्या खाचेत बोट घालून खोली जोखायची, पाठीवर थाप मारायची आणि चटकन दोन पावलं मागे सरकायचं, न जाणो लाथ बसली तर! माणूस कोर्टात कायद्याचा कीस पाडणारा, पण घराणं शेतकऱ्याचं. बैल पारखायची नजर काळ्या कोटाखालीही गेली नव्हती.

मोटार म्हणजे एका बदली झालेल्या साहेबाकडून घेतलेली, लाल, बिनटपाची, दोनच माणसांची. ती बाजारातून सुटली की कोंबड्या जीव मुठीत धरून पळायच्या. "मास्तर, गाडी काय, कोनीबी घेते," ते मला म्हणायचे, "टायर निवडाले अक्कल लागते."

या अकलेचा प्रसाद त्यांना पोळ्याला मिळाला होता. आदल्या संध्याकाळी आपण बैलांचे खांदे तूप-हळदीने मळतो. बळवंतरावांनी चारही टायर मळले, तेही घरच्या साजूक तुपाने. दुसऱ्या दिवशी बहिणीला गाडी दाखवायला इंझोरीला निघाले आणि सडक सोडून काळ्या मातीत उतरताच गाडी आडवी झाली. शेवटी ऐन पोळ्याला, झुली घातलेल्या बैलांनी ती ओढून काढली. कोर्टाच्या बाररूममध्ये महिनाभर दुसरा विषय नव्हता. अखेर बळवंतराव उठून म्हणाले, "भाऊबीजेले इंझोरीले जाईन आन् बैल न लावता परत येईन. नाई आलो तर गाडी इकून टाकीन."

त्यांचा त्या गाडीवर किती जीव होता, ते मी रोज पाहत होतो. मला खरंच काळजी वाटली.

टायर घ्यायला आम्ही अकोल्याला गेलो. दुकानदाराने दोन जाती दाखवल्या. एक गुळगुळीत, डांबरी सडकेवर वाऱ्यासारखी पळणारी, दुसरी जाड दातांची, चिखलातली. बळवंतरावांनी एकेक टायर दुकानाबाहेर घरंगळवून त्याची चाल पाहिली. वास घेतला. डाव्या अंगाला कोणता जुंपायचा यावर बराच विचार केला. मग दुकानदाराच्या हातावर रुमाल टाकून आत त्याची बोटं धरली. बैलबाजारात भाव असाच ठरतो, पण तो बिचारा शहरातला, दचकून हात ओढायला लागला.

"पन दोन्हीतले कोनते देऊ?" त्याने विचारलं.

"दोन्ही. पुढं पटाचे, मागं वखराचे."

शर्यतीचा बैल पुढे आणि शेतकामाचा मागे, अशी जोडी जगात कोणी जुंपली नसेल. दुकानदाराने कपाळाला हात लावला. मीही मनातल्या मनात लावला.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी अवकाळी पाऊस कोसळला. तरी सकाळी आम्ही निघालो. बळवंतरावांनी माझ्या मांडीवर काठोकाठ भरलेला पाण्याचा तांब्या ठेवला आणि सांडू द्यायचा नाही अशी ताकीद दिली. मी कारण विचारलं, तर म्हणाले, "पाहा तं खरं."

काळ्या मातीच्या तोंडाशी थांबून त्यांनी चिखलात पकड यावी म्हणून टायरांतली थोडी हवा सोडली. गाडी चिखलात शिरली, डुलली, मागचे दात रुतले आणि तिने असा काही हिसका दिला की आम्ही थेट इंझोरीच्या पाराशी! पारावरच्या बैलांकडे बळवंतरावांनी ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरणार नाही. माझं धोतर ओलं झालं होतं, पण पोरासारखा ओरडलो मीच.

ते आधी तांब्यात डोकावले. "अर्ध्याच्या वर हाय. म्हंजे अक्काले सोसन."

तेव्हा मला कळलं. आई गेल्यावर याच थोरल्या बहिणीने त्यांना वाढवलं होतं. तिची कंबर कायमची धरल्यापासून बैलगाडीचे हिसके तिला सोसत नव्हते आणि माहेर तुटलं होतं.

ओवाळून झाल्यावर बळवंतराव तिला म्हणाले, "अक्का, चाल. आपल्या घरी जाऊ."

"कायच्यात?"

त्यांनी गाडीकडे बोट केलं. मग माझ्याकडे वळले. "मास्तर, तुमी बैलगाडीनं या."

बैल शेवटी लागले, ते मला. दुसऱ्या दिवशी अंग खिळखिळं होऊन वाशीमला उतरलो, तर बाजारात ही गर्दी. चारही टायरांना झेंडूच्या माळा, आणि गाडीत अक्का, ओळखीचं दार दिसलं की हात जोडत बसलेल्या. बाररूमची मंडळी बळवंतरावांच्या नावाने टाळ्या वाजवत होती. त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

"बाळ्या, अजून एक चक्कर मार," अक्का म्हणाल्या. "तुही लहानपनची शाळा पाह्याची राह्यली."

बळवंतरावांनी लगेच गाडी वळवली, भरला तांब्याही सांडणार नाही इतकी हळू. मी बाजूने पायीच निघालो, दुखऱ्या कंबरेने, आणि शाळेपर्यंत एकदाही मागे पडलो नाही.