देवधरकाकूंचा बचत गट

आमच्या वाघोलीच्या सोसायटीत नवीन वस्तू आणायची, तर ती देवधरकाकूंच्या दारावरून न्यावी लागते. काकूंचा फ्लॅट तळमजल्यावर, लिफ्टला लागून, आणि दार दिवसभर उघडं. खोकं दिसलं की आतून प्रश्न येतो, "हप्त्यावर की रोख?"

मी टीव्ही आणला तेव्हा "हप्त्यावर" म्हणालो. काकूंनी चष्म्यावरून पाहिलं. "जुना बंद पडला होता?"

"नाही, लहान होता."

"बरं. बातम्या आता मोठ्या दिसतील," म्हणाल्या आणि भाजी निवडू लागल्या.

काकू बँकेत कॅशियर होत्या. निवृत्त झाल्या, पण काउंटर काही सुटला नाही. सोसायटीत धुणीभांडी, स्वयंपाक करणाऱ्या बायकांचा त्यांनी बचत गट केला होता. दर रविवारी अकराला सगळ्या काकूंकडे जमायच्या, ठरलेली रक्कम ठेवायच्या, चहा घ्यायच्या आणि बोलणीही खायच्या. कुणाला नड आली की त्यातून पैसे मिळत. मात्र कारण सांगावं लागे, आणि काकूंना कारणं सहसा पटत नसत.

आमच्याकडे पोळ्या करणारी संगीता गटात नव्हती. "त्या लई बोलत्यात," म्हणायची. एकदा लेकीच्या फीसाठी तिने मोबाइलवरच्या कुठल्याशा अ‍ॅपवरून कर्ज काढलं. महिन्याभरात ते फुगलं आणि वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले. एक दिवस पोळ्या लाटताना फोन वाजला आणि ती रडायलाच लागली. मी तिला काकूंकडे घेऊन गेलो.

फोन पुन्हा वाजला. काकूंनी तो घेतला. "अहो, आधी आपलं पूर्ण नाव सांगा. आडनाव? हुद्दा? ऑफिस कुठे? नाही, मी थांबते, आपण विचारून सांगा." पलीकडचा माणूस ओरडत होता. काकू शांतपणे म्हणाल्या, "सावकाश बोला. लिहून घेतेय. उद्या पोलीस चौकीत हेच वाचून दाखवायचंय." फोन कट झाला.

मग संगीताकडे वळून म्हणाल्या, "फीसाठी ना? हे कारण चालतं." दुसऱ्या दिवशी तिला घेऊन चौकीत तक्रार देऊन आल्या. त्या रविवारी गटाने पैसे दिले, देणं फिटलं आणि कर्ज बंद झाल्याचा कागद काकूंनी मागून घेतला. संगीता गटात आली. गटाचे पैसे तिने थोडे थोडे करून फेडले. आता लेकीच्या नावाने दर महिन्याला वेगळी रक्कमही टाकते.

मध्यंतरी मला उत्साह आला. मी गटाचे पैसे फोनवरून जमा करायची सोय करून दिली. "आता घरबसल्या येतील. रविवारी तुमची दगदग नाही," मी काकूंना म्हणालो.

"हो. सोयीचं आहे," काकू म्हणाल्या आणि टेबलावरचे कप उगाचच पुसून ठेवू लागल्या. त्यांचा मुलगा हिंजवडीत राहतो. ट्रॅफिकमुळे फक्त दिवाळीला येतो. मला आपली चूक कळली, पण सगळ्यांना निरोप गेला होता.

रविवारी मी मुद्दामच खाली उतरलो. काकूंच्या दाराबाहेर चपलांचा ढीग होता. आत सगळ्या जमिनीवर बसल्या होत्या.

"पैसे आले का सगळ्यांचे?" मी विचारलं.

"सकाळीच पाठवलं की," संगीता म्हणाली. "पर काकू, माझा भाऊ गाडी घ्यायची म्हणतोय. तुमी बोला त्याच्याशी."

"नवी की जुनी?" काकूंनी विचारलं आणि मला म्हणाल्या, "आलाच आहात तर आधण ठेवा."

मी स्वयंपाकघरात गेलो. फ्रिज उघडला. एकट्या बाईचा फ्रिज, आणि दुधाच्या चार पिशव्या आदल्या दिवशीच आणून ठेवलेल्या.