ऑर्कांच्या घरातला पाहुणा

दंतवैद्य आला नाही, म्हणून मी बसलो. एवढंच निमित्त.

आमच्याकडे दर रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर एक खेळ चालतो. बायको त्याची सूत्रधार. ती एक काल्पनिक जग उभं करते, बाकीचे त्यातलं एकेक पात्र घेतात, आपण काय करतो ते बोलून सांगतात आणि अडलंच तर फासे टाकतात. खेळणारी दोनच माणसं: माझी मेहुणी आणि खालच्या मजल्यावरचा दंतवैद्य. मी त्या वेळी आतल्या खोलीत झोपतो. (घोरणं बाहेर ऐकू येतं म्हणून दार ओढून घेतात. माझी काही तक्रार नाही.)

त्या रविवारी कोणाची तरी दाढ अचानक ठणकली आणि दंतवैद्य दवाखान्यात अडकला. बायकोचा चेहरा उतरला.

“आज ऑर्कांच्या वस्तीत जायचं होतं,” ती म्हणाली. “आणि सरदारच नाही.”

“मी होतो की सरदार,” मी म्हणालो. “त्यात काय अवघड आहे?”

दोघी बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं. त्या पाहण्यातून मी काहीतरी समजून घ्यायला हवं होतं. पण मी पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर बसतो. समोरचा “आमच्या नळाला” एवढं म्हणतो तोवर मी “गढूळ येतंय, कळवतो, पुढचा” म्हणून मोकळा होतो. पूर्ण वाक्य ऐकायची मला गरजच पडत नाही, आणि याचा मला अभिमान होता.

ऑर्क म्हणजे काय, हे मला टीव्हीमुळे ठाऊक होतं. हिरवी कातडी, बाहेर आलेले सुळे, डोक्याच्या नावाने शून्य, आणि काम एकच: येणाऱ्या वीरांच्या हातून मरायचं. मी दात विचकले, टेबलावर मूठ आपटली आणि गुरगुरलो. मिठाची बाटली आडवी झाली.

“हे काय?” मेहुणीने विचारलं.

“ऑर्क.”

“आपले ऑर्क असे नाहीत,” बायको मीठ गोळा करत म्हणाली. “प्रत्येक गोष्टीत ते नुसते मरायला येतात. मला वाटलं, मरत नसतात तेव्हा ते काय करत असतील? घरं बांधत असतील, पोरांची नावं ठेवत असतील, एकमेकांवर रुसत असतील. वर्षभर मी यावर विचार करतेय. त्यांच्यात—”

“कळलं. म्हणजे माणसांसारखे.”

तिने मिठाची बाटली उभी केली. “नाही,” म्हणाली. “माणसांसारखे नाहीत.”

खेळ सुरू झाला. मी लढाईवरून घरी परतलेला सरदार. बायको माझ्या ऑर्कीण बायकोच्या आवाजात बोलू लागली. तिने मला शेकोटीजवळची जागा दिली, गरम सूप वाढलं. मी हुकूम सोडला की वस्ती नदीपलीकडे हलवायची. ती “बरं” म्हणाली. मी म्हणालो, थोरल्याला उद्यापासून तलवार शिकवायची. ती “बरं” म्हणाली.

“गुणी बाई आहे,” मी मेहुणीला म्हणालो.

“ऑर्कांमध्ये घटस्फोट नसतो,” बायको आता स्वतःच्या आवाजात म्हणाली. “जो घरच्यांचं ऐकेनासा होतो, त्याला ते पाहुणा करतात. न सांगता. चांगली जागा द्यायची, गरम वाढायचं, कशालाही नाही म्हणायचं नाही. भांडायचं तर मुळीच नाही. भांडतात ते घरच्यांशी.”

मला हसू आवरेना. “आणि या गाढवाला कळतच नाही?”

मेहुणी टेबलाखाली वाकून फासे शोधू लागली. फासे टेबलावर होते.

मग मला हळूहळू एकेक आठवायला लागलं. आमच्यात भांडणं होतच नाहीत, असं मी ऑफिसात छाती फुगवून सांगत असे. घराला रंग दिला तेव्हा कोणता हवा हे मला कोणी विचारलं नव्हतं. मला ते लाड वाटले होते.

“पाहुण्याला परत घरचा होता येतं का?” मी विचारलं.

“येतं. त्याने एक प्रश्न विचारायचा, ज्याचं उत्तर त्याला ठाऊक नाही. आणि उत्तर संपेपर्यंत ऐकायचं.”

एवढंच ना. मी सरदाराचा आवाज मऊ केला. “मी लढाईवर होतो तेव्हा तू काय करत होतीस?”

तिने पेन्सिल खाली ठेवली. बऱ्याच काळाने ती माझ्याकडे नीट बघत होती.

“पहिल्या हिवाळ्यात छपराला भोक पडलं. मी एकटीच वर चढले. आणि वरून—”

“शिडी धरायला कोणाला तरी बोलवायचंस,” मी म्हणालो. अगदी कळकळीने म्हणालो.

तिने पेन्सिल उचलली.

“सूप घ्या,” ती म्हणाली. “अजून आहे.”

(लग्न झाल्यापासून तिने मला कधी ‘घ्या’ म्हटलेलं नव्हतं. सूपसुद्धा खरं नव्हतंच म्हणा.)

तो सगळा आठवडा मी घरचा व्हायचा प्रयत्न केला. भाजी अळणी आहे म्हणालो. तिने मीठ पुढे केलं. ओला टॉवेल मुद्दाम गादीवर टाकला. तो दोरीवर गेला. “शाळेत आज काय झालं?” विचारलं. (ती भूगोल शिकवते.) “विशेष काही नाही,” ती हसून म्हणाली. इतकं छान हसली की मला रडू यायला लागलं.

रविवारी दंतवैद्य आला. सरदार आता तो होता. मी स्वयंपाकघरात चहा करत उभा. त्याने माझाच प्रश्न विचारला आणि गप्प बसला. लोकांची तोंडं उघडी असताना थांबायची त्याला सवयच आहे.

“वरून सगळी दरी दिसत होती,” बायको सांगत होती. “इतकी सुंदर, की कोणाला तरी हाक मारावीशी वाटली. मग लक्षात आलं, हाक मारावी असं घरात कोणी नाही. एकटीनेच बघितली. नंतर रोज चढत गेले. छप्पर केव्हाच दुरुस्त झालं होतं.”

दंतवैद्याने हातातले फासे बाजूला ठेवले.

“उद्या मलाही वर ने,” दंतवैद्य म्हणाला.

मेहुणीने डोळे पुसले. सरदार घरचा झाला. माझा संसार कसा सावरायचा ते त्याने एका दुपारी, चहाच्या आधी दाखवून दिलं.

मी ट्रे घेऊन बाहेर आलो. बायकोने कप उचलला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “पुढच्या रविवारी खेळशील?”

मी ट्रे घट्ट धरला. “जागा आहे?”

“सरदाराच्या घरी एक खेचर आहे.”

“त्याला बोलायचं काय असतं?”

“काही नाही,” मेहुणी म्हणाली. “म्हणूनच.”

मी हो म्हणालो.

“चांगलं पात्र आहे,” दंतवैद्याने मला धीर दिला. “कान मोठे असतात.”