युसूफभाईंची बंदी

वडीगोद्रीच्या मोठ्या रस्त्यावर युसूफभाईंचं किराणा दुकान आहे. तिथं बिडी मागितली की प्रश्न मिळतो. "गुटखा बंद, मंग बिडी चालू कशी? एवढं सांग, मी कुठूनबी आणून फुकट देतो." आजवर फुकट बिडी कुणाला मिळालेली नाही.

मी इथल्या शाळेत शिकवतो. माझी भाड्याची खोली त्यांच्या दुकानामागंच, म्हणून संध्याकाळी बसणं व्हायचं. गुटख्यावर बंदी आली तेव्हा युसूफभाईंनी त्याच दिवशी पुड्यांच्या माळा उतरवल्या. पण मग बाकीचा माल त्यांच्या डोळ्यांत खुपू लागला. "मास्तर, जहर ते जहर. एकाला बंदी, दुसऱ्याला परवाना, हे बराबर न्हाई." महिन्याभरात बिडी, सिगारेट, तंबाखू, बायका दातांना लावतात ती मशेरी, सगळं दुकानातून गेलं. निम्मं गिऱ्हाईक समोरच्या दुकानात गेलं, तरी भाई हलले नाहीत.

एकदा गुटखा तपासायला एक अधिकारी आले. बरण्या उघडून झाल्या, पोती हलवून झाली. मग ते पायरीवर टेकले आणि तळहातावर तंबाखू मळू लागले. युसूफभाईंनी अदबीनं पाणी पुढं केलं. "साहेब, हे कोण्या यादीत बसतं?"

अधिकारी बराच वेळ अंगठा फिरवत राहिले. "यादी वरून येते भाई. मी फक्त बघतो." मग जरा पाठ वळवून त्यांनी चिमूट दाढेत सारली.

त्यानंतर परतूरहून भाईंची थोरली बहीण कायमची राहायला आली. आई लवकर गेल्यामुळं या आपांनीच त्यांना वाढवलं होतं. आपांना पन्नास वर्षांची मशेरीची सवय. भावानं डबी काढून घेतली. आपा भांडल्या नाहीत. फक्त अर्ध्या भाकरीवर ताट सारू लागल्या आणि बोलेनाशा झाल्या.

पंधरा दिवसांनी मी जालन्याला काही कामाला गेलो होतो. स्टेशनजवळच्या तंबाखूच्या दुकानासमोर युसूफभाई उभे होते, हातात मशेरीची पुडी. मला पाहून त्यांनी ती लपवली नाही. परतीच्या एसटीत ते माझ्या शेजारी बसले. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मला एकच आपा, तरी बंदी जमली न्हाई. सरकारला किती आपा असतील, मास्तर?"

घरी आल्यावर त्यांनी बदामाची टरफलं जाळून बारीक कुटली आणि चमचाभर राख मशेरीत मिसळली. दर आठवड्याला राख वाढवायची, मशेरी कमी करायची, असं ठरवून आले होते.

"आपांना कळणार नाही का?" मी विचारलं.

"बिलकुल कळंल. लहानपणी मला कडू गोळ्या तिनंच गुळात घालून चारल्यात."

आता डबीत नुसती राख असते. आपा रोज सकाळी ती दातांना लावतात आणि भावाला ऐकू जाईल असं म्हणतात, "आजची जरा कडक आहे रे."