डीकन टार्व्हरांनी ठरवलेली तारीख

या, जवळ सरका. मागच्या बाकावर बसलं की ना प्रवचन लागतं, ना गोष्ट. डेट्रॉइटच्या पूर्व भागातल्या आमच्या चर्चमध्ये एका जानेवारीत जे घडलं ते सांगतो. ऐकून उठाल तेव्हा कुणाच्या तरी नावानं क्षणभर डोळे मिटाल, एवढं वचन देतो.

तर त्या रविवारची तारीख आमच्या चर्चचा कारभार बघणाऱ्या डीकन क्लिओफस टार्व्हर यांनी ठरवली होती. आमच्या पास्टर पेटवे यांच्या सेवेला पंचवीस वर्षं होत होती आणि सोहळ्याच्या समितीचे प्रमुख क्लिओफस. मार्चमधल्या बैठकीत कुणीतरी शंका काढली, की जानेवारीतला रविवार धरला तर आमच्या अमेरिकी फुटबॉलच्या बाद फेरीशी गाठ पडायची. क्लिओफस शांतपणे चष्मा पुसत म्हणाले, "जानेवारीशी आपला काय संबंध? आपला संघ नाताळाआधीच घरी येऊन बसतो. डेट्रॉइटात जानेवारी निव्वळ देवाच्या कामासाठी आहे." समिती हसली आणि तारीख एकमतानं मंजूर झाली. दुसऱ्या कुठल्या शहरातल्या माणसाच्या हातून ही चूक झाली नसती. तिला जन्मभर हरण्याचा सराव लागतो.

आणि त्याच वर्षी आमचा संघ जिंकत सुटला. सप्टेंबरात लोक हसले, ऑक्टोबरात गप्प झाले, नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला जेवताना कुणी त्याबद्दल बोलेना, दृष्ट लागेल म्हणून. डिसेंबर संपता संपता कळलं, की बाद फेरीचा सामना आपल्याच मैदानावर, शिकागोशी, रविवारी दुपारी एक वाजता. सोहळा त्याच रविवारी दोनला. मुख्य प्रवचनकार रेव्हरंड लेम्युएल बर्डसाँग. येणार कुठून, तर चाळीस जणांचा गायकवृंद घेऊन, शिकागोहून.

क्लिओफसचं वय बहात्तर. याआधी, बत्तीस वर्षांपूर्वी, आपल्या संघानं बाद फेरीत सामना जिंकला तेव्हा ते मोटारींच्या कारखान्यात दरवाजे बसवत होते आणि निकाल त्यांना हजेरीच्या खिडकीपाशी कळला होता. तेव्हापासून त्या माणसाची एकच इच्छा होती. असा एक विजय आपल्या डोळ्यांनी बघायचा, आणि तोही निकाल ठाऊक नसताना, श्वास रोखून.

त्यांनी पास्टरना गाठून सोहळा थोडा पुढे ढकलता येईल का विचारलं. पास्टर म्हणाले, पाहुण्यांची बस ठरलीय, कोंबड्या मसाल्यात मुरत पडल्यात, आणि तारीख कोणी सुचवली ते इतिवृत्तात लिहिलेलं आहे. चष्मा पुसल्याचंसुद्धा.

घरी बायकोनं, अर्नेस्टीननं, गायकवृंदाच्या झग्यांना इस्त्री करता करता निकाल दिला. "देवानं तुला विनोद करायला सांगितलं नव्हतं, क्लिओ. तारीख ठरवायला सांगितली होती."

शनिवारी ते दूरदर्शनसंचासमोर बसले. दोन्ही सामने परक्या शहरांचे, पण बाद फेरीत परकं कोण असतं? संध्याकाळच्या सामन्यात एवढं बर्फ पडत होतं, की मैदानावरच्या रेघा दिसेनात. चार सेकंद उरलेली, दोन गुणांची पिछाडी. एक सडपातळ पोरगेला खेळाडू बुटानं बर्फ बाजूला सारत चेंडूपुरती जागा करत होता, एखादी बाई पलंगाखालचा कोपरा झाडते तशी. मग त्यानं पाय मारला. चेंडू वर गेला, बर्फात नाहीसा झाला, सत्तर हजार माणसं मुकी झाली, आणि मग तो दोन खांबांच्या मधोमध अलगद उतरला. क्लिओफस उभे होते. कधी उभे राहिलो ते त्यांनाही कळलं नाही. "अर्नेस्टीन," ते हळूच म्हणाले, "एवढ्या पांढऱ्यात त्याला वाट कशी दिसली गं?" तिनं इस्त्री बाजूला ठेवली आणि तीही बघत राहिली.

त्या चेंडूनंच त्यांना मार्ग सुचवला: निकाल काही काळ नजरेआड ठेवायचा. रविवारी सकाळी त्यांनी सगळ्या मंडळींकडून शपथ घेतली. तळघरातल्या जेवणाच्या हॉलमधल्या यंत्रावर सामना आपोआप रेकॉर्ड होईल, सोहळा आटोपला की सगळे मिळून जेवता जेवता पाहू, तोवर कुणी निकालाचा शोध घ्यायचा नाही. दानाच्या टोपल्या घेऊन पांढऱ्या हातमोज्यांतल्या बाया बाकाबाकांतून फिरल्या आणि सगळ्यांचे फोन गोळा केले. त्या टोपल्यांत एवढा ऐवज आजवर कधी पडला नव्हता.

दीडला शिकागोची बस आली. रेव्हरंड बर्डसाँग म्हणजे दारातून वाकून येणारा उंच माणूस. त्यांनी शपथ ऐकली, मोठ्या मनानं स्वतःचा फोनही टोपलीत टाकला आणि म्हणाले, "डीकन, निकाल नंतर कळला काय नि आधी कळला काय, जेवणाची चव तुमचीच जाणार."

साडेतीनला ते प्रवचनाला उभे राहिले. शिमोनाची कथा त्यांनी घेतली, त्या म्हाताऱ्याची, जो बाळ येशूचं दर्शन व्हावं म्हणून मंदिरात वर्षानुवर्षं वाट बघत बसला. आधी साधं बोलणं, ओसरीवर बसून बोलावं तसं. मग आवाजाला हळूहळू सूर लागला. वाक्याचा शेवट ते उंच धरून ठेवायचे आणि आमच्या ऑर्गनवरच्या ओडेसाबाई तो अलगद झेलून परत द्यायच्या. "वाट बघत होता," ते गायचे. "सांगा, सांगा," बाक म्हणायचे. "गुडघे गेले, तरी वाट बघत होता." क्लिओफसच्या अंगावर काटा आला. मंडळी, खरं सांगतो, त्या क्षणी त्यांना सामन्याची आठवणही नव्हती. गाणारं प्रवचन असंच असतं, माणसाला त्याच्या खिशातून काढून दुसऱ्याच्या पुढ्यात ठेवतं.

सव्वाचारला बाहेर एक भोंगा वाजला.

मग दुसरा. मग सगळा रस्ता. मोटारी बनवणारं शहर आमचं, भोंग्यांना काय तोटा? क्लिओफस दचकून उठले, खाली वाकून ओडेसाबाईंच्या कानात म्हणाले, की मोठ्यानं वाजवा, अजून मोठ्यानं, काही ऐकू येता कामा नये. ओडेसाबाईंनी दोन्ही पाय पट्ट्यांवर टाकले. आम्हांला वाटलं, बर्डसाँग समजले, की डीकनलाच पवित्र आत्म्यानं धरलं. त्यांनी सूर आणखी चढवला. बाहेर भोंगे वाढले, आत ढोल आला. ढोल कमी पडला तेव्हा दोन्ही गायकवृंद उभे राहिले. प्रवचन संपायला टेकलं, की क्लिओफस हात हलवून आणखी मागायचे, आणि सगळी मंडळी "अजून, अजून" म्हणायची.

हा घोष बाहेर गेल्याशिवाय कसा राहील? रस्त्यानं नाचत जाणाऱ्यांना वाटलं, हे चर्च आपल्यापेक्षा जास्त खुशीत आहे. दार उघडलं आणि आमच्या संघाच्या निळ्या रंगात तोंडं रंगवलेली दहाबारा माणसं आत आली. पहिल्यानं तोंड उघडलं, तोच क्लिओफसनी धावत जाऊन त्यावर तळहात ठेवला. "भाऊ, ये, नाच, रड, पण बोलू नकोस." तो बिचारा निळ्या तोंडानं मुकाट्यानं नाचू लागला. क्लिओफसचा तळहातही निळा झाला.

पावणेपाचला आमेन झालं. क्लिओफस जिना उतरले ते पाय ओढत. जाणायचं नाही असं ठरवलं, तरी कान थोडेच डीकन असतात? बत्तीस वर्षं जपलेला श्वास सुटून गेला होता. खाली दोनशे माणसं तळलेली कोंबडी आणि मॅकरोनी वाढून घेत होती, आणि त्यांच्यासाठी काहीच माहीत नसल्याचा चेहरा करून बसली होती. ते चेहरे बघून त्यांना आणखीच भरून आलं.

शेजारच्या खुर्चीत बर्डसाँग येऊन बसले. घाम टिपला, ताटातली कॉलर्डच्या पानांची भाजी चाखली आणि म्हणाले, "तुमची माणसं हरल्यावरही छान भोंगे वाजवतात हं."

क्लिओफसनी मान वळवली. "हरल्यावर?"

"नाहीतर काय. आमच्याकडे मागच्या वर्षी हरलो तेव्हा तासभर वाजवले. राग काढायला."

"पण ती तोंडं रंगवलेली माणसं नाचत होती, रेव्हरंड."

"बाहेर उणे दहा आहे, डीकन. मीही नाचलो असतो. तो तुमचा निळा गडी रडत होता, पाहिलंत ना?"

खरंच रडत होता. जन्मभर हरलेल्या माणसाला विजयाचे शंभर पुरावे पुरत नाहीत, पराजयाची एक शंका पुरते. पडद्यावर रेकॉर्ड केलेला सामना सुरू झाला तशी क्लिओफसनी खुर्ची पुढे ओढली. शिकागोनं पहिल्यांदा चेंडू गोलरेषेपार नेला तेव्हा बर्डसाँग टाळ्या पिटून म्हणाले, बघा, मी काय सांगत होतो. आमचा संघ पुढं गेला, तर म्हणाले, थांबा, शेवटी कळेल. शेवटच्या मिनिटाला तीन गुणांची आघाडी आणि चेंडू शिकागोकडे. क्लिओफसनी निळ्या तळहातानं अर्नेस्टीनचा हात घट्ट धरला. त्यांचा श्वास खरोखरच थांबला होता.

शिकागोचा चेंडू उंच गेला, आणि आमच्या एका गड्यानं हवेत झेप घेऊन तो हिरावून घेतला.

हॉल दणाणला. क्लिओफस तेवढे बसून राहिले. तोंड उघडं, डोळ्यांतून धारा. उभा जन्म समोर येऊन उभा राहिल्यासारखे ते पडद्याकडे बघत होते. मग त्यांना पाहुण्याची आठवण झाली.

"माफ करा, रेव्हरंड. तुमचा विरस झाला."

"मला पहिल्याच भोंग्याला कळलं होतं," बर्डसाँग म्हणाले. "वीस मिनिटं जास्त गायलो ती खाली यायचं जिवावर आलं म्हणून."

"मग ते सगळं... राग काढायला भोंगे?"

"थाप. देवाची माफी मी परतीच्या बसमध्ये मागेन." त्यांनी ताटातलं हाड बाजूला सारलं. "डीकन, तुम्ही दारात त्या माणसाच्या तोंडावर हात ठेवलात तेव्हा तुमचा चेहरा पाहिला मी. म्हटलं, या माणसाला शेजारी कुणीतरी आशेवर असलेलं हवं. दोनशेतलं एकही तसं उरलं नव्हतं."

तर मंडळी, आता उठा, घरी जा. पुढं कधी जिंकाल, आणि देव करो तुम्ही जिंकालच, तेव्हा आपल्या हारीचं कडू पाणी गिळून दुसऱ्याला श्वास रोखायला लावणाऱ्या त्या उंच माणसाला आठवा. लेम्युएल बर्डसाँग त्यांचं नाव. प्रार्थनेत घेतलंत तर त्यांच्या संघासाठीही एक शब्द टाका.