घटाकाश आणि दोन हिरव्या घागरी

या विश्वात 'मी' आणि 'दुसरा' असा भेद मुळातच नाही, हे सत्य तिरुवण्णामलैच्या तणिकाचलम यांना मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता पूर्णपणे पटले. अकरा वाजता गल्लीत पाण्याचा टँकर आला.

तणिकाचलम निवृत्त हेडक्लार्क. दहा दिवस डोंगरापायथ्याच्या आश्रमात वेदान्ताची प्रवचने ऐकत होते. शेवटच्या दिवशी स्वामींनी घागरीचा दृष्टान्त दिला. घागरीतली पोकळी आणि बाहेरचे आकाश एकच. मधली भिंत तेवढी खोटी. तणिकाचलम डोळे पुसत घरी आले, तर पत्नी विशालाक्षी दारातच उभी.

"आपल्या दोन हिरव्या घागरी पहाटेपासून रांगेत आहेत, तिसऱ्या नंबरला. तेवढ्या भरून आणा. चार वाजता आपल्या पूंकोडीला बघायला वेल्लूरची मंडळी येतायत आणि घरात थेंब नाही. अन् हे बघा, तिथे तोंड उघडू नका."

त्या गल्लीत रांगेत माणसे उभी राहत नाहीत, घागरी राहतात. दुसऱ्याची घागर हलवायला नगरसेवकही धजत नाही.

मागच्या पिवळ्या घागरींची मालकीण कनगवल्ली म्हणाली, "सार, तुमची हिरवी जरा माझ्या जागेत सरकलीय."

"तुमची जागा, माझी जागा," तणिकाचलम मंद हसले. "आतली पोकळी एकच आहे, अम्मा."

कनगवल्लीने आपली एक घागर उचलली. "म्हणजे माझी पुढे ठेवली तरी चालेल?"

"पुढे कोण आणि मागे कोण?"

"खरंय सार. गल्लीत एक तरी शिकलेलं माणूस हवं," असे म्हणत तिने आपल्या पाचही घागरी पुढे नेल्या.

दहा मिनिटांत बावीस जणींना अद्वैत पटले. हिरव्या घागरींची पाळी आली तेव्हा टँकरच्या नळातून नुसती हवा येत होती. स्वामींच्या भाषेत, आकाश.

विशालाक्षीने दोन्ही कोरड्या घागरी उलट्या करून पाहिल्या. तणिकाचलम म्हणाले, "सगळ्यांच्या घागरीतलं पाणी एकच असतं, विशालम."

"बरं. मग कनगवल्लीच्या घागरीतलं आणा."

कनगवल्लीने दार अर्धेच उघडले. "तुमचं बोलणं अगदी मनाला लागलं, सार. पण या घागरी माझ्या आहेत."

चार वाजता मंडळी आली. भिंतीवरचा स्वामींचा फोटो पाहून मुलाचे वडील खुलले. "तुम्हीपण यांचेच? मग आपण एकच की."

तणिकाचलमना धीर आला. "तेच तर. कॉफी मिळाली काय, न मिळाली काय, आत्म्याला कुठे फरक पडतो?"

"आत्म्याला नाही पडत," व्याही होऊ पाहणारे गृहस्थ म्हणाले. "पण आम्ही भर उन्हात बसने आलोय."

विशालाक्षी मागच्या दाराने गेली आणि एक भरलेली पिवळी घागर घेऊन आली. कॉफी झाली, मुलगी पसंत पडली. घागरीच्या बदल्यात कनगवल्लीने एकच अट घातली होती : गुरुवारच्या टँकरलाही सारनाच पाठवायचं.

गुरुवारी तणिकाचलम पहाटे पाचलाच रांगेत हजर होते. दोन्ही हिरव्या घागरींवर लाल रंगात ठळक लिहिले होते : पु. तणिकाचलम, बी.ए., निवृत्त हेडक्लार्क.