भेग तिथे सोनं

एका जंगलात एक काळा डोंगर होता, बाळांनो. त्याच्या अंगावरून पांढऱ्या गारेचा, म्हणजे गारगोटीच्या दगडाचा, एक पट्टा गेलेला. डोंगराच्या पायथ्याशी तळं होतं आणि तळ्यात एक बेडूककाकू राहत होती. तिची पिल्लं अजून नुसती शेपट्या हलवत पोहत होती. पाय फुटायला वेळ होता.

एकदा रानडुकरानं कंद उकरता उकरता त्या गारेचा टवका काढला. टवक्यात पिवळा ठिपका चमकला. ते सोनं होतं! सिंह महाराजांनी ठिपका निरखला आणि मिशीवर पंजा फिरवला.

"आणखी हवं," ते म्हणाले. "हे होतं कसं, ते विचारा कुणाला तरी."

मग धनेशपंतांचं व्याख्यान ठरलं. हा धनेश पक्षी फार विद्वान. जमिनीच्या पोटातलं त्याला सगळं ठाऊक. व्याख्यान तळ्याकाठी झालं, कारण बोराटीचं झुडूप तिथेच होतं.

आता या जंगलाची एक रीत सांगतो. भाषणात पहिली आनंदाची गोष्ट ऐकू आली, की टाळ्या वाजवायच्या आणि बोरांकडे पळायचं. जो मागे राहील त्याच्या वाट्याला नुसत्या बिया.

धनेशपंत म्हणाले, "खूप खोल, कोसन्‌कोस खाली, कढत पाणी असतं. त्यात सोनं विरघळलेलं असतं. धरणी हादरली की खडकाला भेग पडते. दाब एकदम उतरतो. पाणी भेगेत उसळतं आणि आपलं ओझं तिथेच टाकतं. गार साचते, गारेत सोनं. म्हणजे भेग आणि पाणी मिळून..."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सभा उठली.

"अहो, थांबा!" धनेशपंत ओरडले. "पाणी खालून यावं लागतं! भेग बुजते, पुन्हा पडते, पुन्हा बुजते. लाखो वर्षं जातात!" एवढ्यात त्यांचं लक्ष बोरांकडे गेलं. बोरं झपाट्यानं संपत होती. उरलेलं वाक्य तसंच टाकून तेही उडाले.

शेवटपर्यंत ऐकलं एकट्या बेडूककाकूनं. तिला बोरं आवडत नसत.

दुसऱ्या दिवशी मुंगूस प्रधानांनी 'घरोघरी भेग' योजना काढली. सशानं बिळाचं छत फोडलं. अस्वलानं गुहेची भिंत तडकवली. हरिणी एकमेकींना म्हणू लागल्या, "आमची भेग तुमच्यापेक्षा रुंद आहे हो!" सगळे भेगांपाशी बसून सोन्याची वाट बघू लागले. कुणाचा जीव थाऱ्यावर नव्हता.

सोनं काही येईना. तेव्हा प्रधानांना आठवलं, की पाणी राहिलंच! ठरलं. हत्तीनं सोंडेनं तळं उपसायचं आणि डोंगराच्या मोठ्या भेगेत ओतायचं. मुहूर्ताला आडवी वेल बांधली. महाराज दातांनी ती तोडणार होते.

बेडूककाकू टुणटुण उड्या मारत आली.

"महाराज, माझी पिल्लं आहेत हो त्या पाण्यात! आणि पाणी वरून ओतून सोनं होत नाही. ते खालून यावं लागतं."

"मग हत्तीला खाली उभं करू," प्रधान म्हणाले. "चांगल्या कामात खो घालू नका, काकू."

हत्तीनं सोंड पाण्यात बुडवली. काकूच्या डोळ्यांत पाणी आलं. शहाणपण इथे कामाचं नाही, हे तिनं ओळखलं. तिनं डोळे पुसले आणि आवाज गोड केला.

"असू दे. पण महाराज, सोनं निघेल तेव्हा उद्घाटन कोण करणार?"

"आम्हीच. दुसरं कोण?"

"लाखो वर्षांनी? धनेशपंत म्हणालेत तसं. विचारा त्यांना."

धनेशपंतांनी चोचीतलं बोर गिळून मान डोलावली.

महाराजांच्या तोंडातली वेल सुटली. "मग तेव्हा गादीवर कोण असेल?"

"ते कुणी सांगावं?" काकू म्हणाली. "वाघसुद्धा असेल."

"आणि उद्घाटनाच्या शिळेवर नाव कुणाचं?"

"ज्याच्या हातून काम पुरं होतं, त्याचं. आपली रीतच आहे तशी."

महाराजांनी अशी डरकाळी फोडली, की हत्तीच्या सोंडेतलं पाणी आपोआप तळ्यात परत गेलं.

"खबरदार! या तळ्याचा एक थेंबही हलता कामा नये! आमचं पाण्यावर पहिल्यापासून फार प्रेम आहे!"

लगेच तळ्याकाठी शिळा बसली. 'तलावरक्षक सिंह महाराज.' घरांच्या भेगा तशाच राहिल्या. ससा म्हणतो, वारा छान येतो.

पिल्लांना पाय फुटले, तेव्हा महाराजांचा सत्कार झाला. महाराज बोलायला उभे राहिले. "आम्ही तळं वाचवलं," एवढं म्हणताच टाळ्या पडल्या आणि सभा बोरांकडे पळाली. सगळ्यांच्या पुढे काकूची पिल्लं होती. त्यांना बोरं नको होती, त्यांना नुसतं पळायचं होतं. काकू पोट धरधरून हसली.

तात्पर्य : बाळांनो, मूर्खपणाचं काम थांबवायचं असेल, तर ते मूर्खपणाचं आहे असं कधी सांगू नये. त्याचं श्रेय दुसऱ्याला मिळणार आहे, एवढंच सांगावं.